दात झिजलेली जीप

मी काही मुद्दाम कान देत नव्हते, पण ओढ्यावर बायका बोलत होत्या, "आबांनी जीप विकली, अन् आता..." मला पाहून गप्प झाल्या. मग मला कुठला दम! धुणं तसंच टाकून शेजारी आबांच्या अंगणात गेले. लढाईतली ती जुनी जीप इंदापूर-नरसिंहपूर माणसं न्यायची. आबांचं पोट तिच्यावरच.

जीप जागेवर होती. आबा मात्र चारी चाकांना जोर वाटून देणारी लोखंडी पेटी खाली काढून पुसत होते.

"आबा, विकली व्हय?"

"पेटी तेवढी, वैनी. पिंपळीच्या जीपला चालंल."

"अन् आपली?"

त्यांनी चाकांकडं जाणारा दांडा दाखवला. त्याच्या टोकाचे, पेटीत अडकणारे दात झिजून गुळगुळीत झाले होते. "दोन्ही दांडं असंच. दात वेल्डिंगनं भरून घासलं, टिकना. इंजिन फिरतंय, चाकं हलत न्हाईत. नवं कुठं मिळंना."

म्हणजे बातमी निम्मीच खरी होती.

संध्याकाळी पिंपळीचा माणूस पेटी घेऊन गेला, तरी आबा रोजच्यासारखे स्टिअरिंगला जाऊन बसले. मला राहवेना. शेजारी बसून मी विचारलं, "आबा, सोडता का नरसिंगपूरला?"

आबा समोर बघतच म्हणाले, "बसा, वैनी. भरली की सोडू."