पदर आणि वारा

लोणावळा स्टेशनात तिकिटाच्या रांगेत कस्तुराबाईच्या पुढं दोघं बंदूकवाले होते. चांदमारीचा सामना जिंकलेला दीनानाथ आणि हरलेला गंगाधर.

"वारा ओळखायला बावटा बघ, असं मला शिकवलंस. आणि स्वतः गवत बघत होतास!"

"गवतही बघायचं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गंगाधर."

"लांबच्या चुलीचा धूरही बघितलास. चोरून."

"तुला कसं कळलं?"

"तुझ्यावरची नजर हलवली नाही मी."

"गोळी झाडेपर्यंत?"

"सोडतोय होय!"

"मग तुझा वारा कोण बघत होतं?"

तेवढ्यात झुळूक आली, कस्तुराबाईचा पदर फडफडला, तसे दोघंही वळून पदराकडे टक लावून बघू लागले.

"मुडद्यांनो, काय बगताय?"

"वारा, मावशी."

पदर कमरेला खोचत कस्तुराबाई म्हणाली, "व्हय! असलं वारं बगणारे लय बगितलेत मी."