पाध्येसरायनं ठरवलेलं उवायचं वय

शिकलेल्या मानसायचं लय कौतुक करून राहिले तुमी, तं आमच्या पाध्येसरायचं ऐका. इंग्रजाच्या काळात मी अमरावतीले कॉलेजात होतो अन् ते आमाले प्राणिशास्त्र शिकवत. सर पुण्याचे, सोवळे. कोंबडीले हात लागला तं आंघोळ करा लागे. म्हणून शिपाई नामदेव दाराबाहेर कोंबडी धरून तिच्या उवा काढून देई, अन् सर आत बसून त्यायचं वय ठरवत. अंगानं सर बुटके. बाई, म्हंजे सरायची बायको, त्यायच्याहून वीतभर उंच, म्हणून दोघं कधी संगं फिराले निघत नसत.

नागपूरहून परीक्षक येणार होते. सरायनं काचेवर दोन उवा लावल्या. मोठीले चिठ्ठी लावली ‘पूर्ण वाढलेली’, लहानीले ‘पिल्लू’.

नामदेवनं भिंगातून पाह्यलं. “सर, पिल्लू पांढुरकं असते. या दोघायच्या बी पोटावर काळे पट्टे हायेत. लहाना नर हाय, मोठी त्याची बायको.”

“तू मला शिकवतोस? नोकरी हवी असेल तर कोंबडी सांभाळ.”

दुसऱ्या दिवशी परीक्षकायनं काच पाह्यली अन् इचारलं, “हे पिल्लू कशावरून?”

“आकारावरून,” सर म्हणाले. “जे लहान, ते पिल्लू.”

दारातून, काखेत कोंबडी धरून, नामदेव बोललाच. “मंग सर, तुमी अन् बाई संगं उभे राह्यले, तं चिठ्ठी कोनाले लावाची?”