क्ष-किरण नळीत शिरलेली हवा

विषय: दवाखान्यातील क्ष-किरण यंत्राची बिघडलेली नळी बदलून मिळणेबाबत.

सदर दवाखाना नागपूरचा आणि मी तिथला कारकून. एका सकाळी नळीत ठिणग्या उडाल्या, जांभळा उजेड पडला, पण फोटो काही निघेना. पारशिवनीचा गाडीवान गणपत मोडका हात धरून बाकावर बसलेला.

मी मेकॅनिक शेषरावला विचारलं, “या नळीत असतं तरी काय?”

“काहीच नाही बाबू, म्हणून तर चालते! तापल्या तारेतून विजेचे कण निघते अन् मोकळ्यातून सरळ पलीकडच्या धातूवर आदळते, तवाच क्ष-किरण निघते. आता काचेले तडा गेला, हवा आत घुसली. कण तिच्यातच भरकटून राहिले.”

मी तसाच अहवाल लिहिला. बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या मुख्य कारकुनांनी, तो दोनदा वाचला.

“म्हणजे आतलं काही गेलं नाही?”

“नाही. उलट बाहेरचं आत आलं.”

“मग नुकसानीचा फॉर्म कसा भरता? ही तर जादा आवक. आधी हवा जमा दाखवा, मग नवी नळी मागा.”

“अन् माह्या हाताचं काय जी?” गणपतनं बाकावरून विचारलं.

“अर्ज करतोय ना,” बडेबाबू म्हणाले.

हवा जमा दाखवून अर्ज गेला. गणपतचा हात वाकडाच जुळला. मी निवृत्त झालो. अर्ज विचाराधीन आहे.