पाटीवरचं नाव

(जानेवारी २००३. वेळ अमावास्येचा, म्हणजे शेतात पूजा-जेवणाच्या ‘येळवस’ सणाचा, दुसरा दिवस, दुपार. ‘अक्षरपार’ या मराठी शब्दकोड्यांच्या संकेतस्थळावर कोड्याशेजारी खेळाडूंना बोलायला एक चौकट आहे. तिघं बोलतायत : केज तालुक्यातल्या युसूफ वडगाव या गावाहून वैजिनाथ, गेवराईहून सुग्रीव आणि पुण्याहून कोडी घालणारी शिवांजली. टंकलं इंग्रजी अक्षरांत, इथं आपल्या लिपीत उतरवलंय.)

सुग्रीव : लाडूच बसतंय तिथं. दोन अक्षरं, बाजरीचे, येळवशीला शेतात नेतात. अजून काय पायजे?

वैजिनाथ : लाडू न्हाई. उंडे.

सुग्रीव : उंडे? हे काय असतंय बे वैजिनाथ? तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली, जिल्ह्यातला एक स्टँड सोडला न्हाई. उंडे कुटं ऐकला न्हाई.

शिवांजली : सुग्रीवकाका, कोडं मी घातलंय. उत्तर उंडेच आहे.

सुग्रीव : शब्दकोशात दाखव.

शिवांजली : माझ्याकडच्या कोशात नाही सापडला.

सुग्रीव : मंग मारा डबल बेल, शब्द ठेवा मागं. नियम तूच केलास ना पोरी? कोशात न्हाई त्या शब्दाला दोन गावचे दोन साक्षीदार. आन कोडं घालणाऱ्याची साक्ष चालत न्हाई.

वैजिनाथ : एक साक्षीदार आमी. युसूफ वडगाव, तालुका केज.

सुग्रीव : तू असशील. पर नुसता हात वर केला की साक्ष झाली का? उलटतपासणी व्हईल. तुमच्या येळवशीचं आमच्या गेवराईकडं काय बी न्हाई. सांग, कसे असतेत उंडे?

वैजिनाथ : सांगतो. थांबा, फोनला गिऱ्हाईक आलंय. लाईन सोडावी लागंल.

सुग्रीव : गेला! दर वेळी असंच. मुद्द्यावर आलं की याचं गिऱ्हाईक येतंय.

शिवांजली : काका, त्यांच्या दुकानात एकच लाईन आहे. तिच्यावरच एस.टी.डी., तिच्यावरच इंटरनेट. कोणाला फोन लावायचा असला की वैजिनाथआप्पांना उठावंच लागतं.

सुग्रीव : ठाव हाय मला. तरी गडी तीनशे अठ्ठ्याण्णव दिवस एक दिवस चुकला न्हाई. काल येळवस, गाव सगळं शेतात, तरी दिवस मावळल्यावर येऊन कोडं भरलं बेट्यानं. माझे तीनशे एकाहत्तर. चिकट हाय.

शिवांजली : परवा चारशे होतील. त्या दिवशीचं कोडं ते घालणार. पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाचं तरी कोडं येईल अक्षरपारावर, आणि वर मोठ्या अक्षरांत नाव. मला आजच ते पान तयार करायचंय.

वैजिनाथ : आलो. कुटवर आलतो आपण?

सुग्रीव : उंडे.

वैजिनाथ : तर ऐका. बाजरीचं पीठ बारीक दळून आणायचं. पाणी चांगलं कढत करायचं, मीठ टाकायचं, त्यात पीठ मळायचं. थंड पाण्यात मळलं की उकडताना फुटतेत. हाताला पाणी लावून गोळे वळायचे, वरून तीळ दाबायचे, चाळणीत ठेवून वाफवायचे. परवा रातच्याला दीडशे वळले. पहाटं तीनला चूल पेटवली. शेतात जाताना टोपलं डोक्यावर घेतलं तर वाफ लुगड्यातून मानेवर उतरते. थंडीचे दिवस, लई बरं वाटतं. बास का?

सुग्रीव : थांब थांब. परत वाचतो.

शिवांजली : आप्पा?

सुग्रीव : अबे, लुगडं कुणाचं?

वैजिनाथ : काय?

सुग्रीव : तूच लिहिलंस. लुगड्यातून मानेवर. चुलीम्होरं तू, टोपलं तुझ्या डोक्यावर. मंग घरच्या काय करत व्हत्या, झोपल्या व्हत्या का?

शिवांजली : मी केजचीच आहे. आमच्याकडं आंबिलीची घागर गडी नेतात. टोपलं बायकाच नेतात. आप्पा, रागवू नका, पण तुम्ही कोण आहात?

वैजिनाथ : आज सांगणारच व्हते. परवाच्या पानासाठी तू नाव मागणार हे ठाव व्हतं मला. मी वैजिनाथ न्हाई. वैजिनाथ आमच्या घरचे. मी उमाबाई.

सुग्रीव : आई शप्पथ.

शिवांजली : पण मग नोंद त्यांच्या नावानं कशी?

वैजिनाथ : कॉम्प्युटर बसवायला लातूरचा माणूस आलता. हे गेलते मोंढ्यात, दुकानाचा माल आणायला. मी म्हणलं, भाऊ, ते कोड्याचं तेवढं लावून द्या, पेपरात वाचलं व्हतं. तो म्हणला, काकू, नाव काय टाकू? मला वाटलं दुकानाचं नाव विचारतोय. आता आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाईत. म्हणून पाटीकडं बोट केलं. ‘वैजिनाथ किराणा व एस.टी.डी.’ त्यानं वाचलं आन टाकलं. मला कळलं तवा आठ दिवस झाले व्हते. तवापासून जे नाव तोंडानं घेत न्हाई, ते रोज बोटानं घेते.

सुग्रीव : वरीसभर मी तुमाला ‘अबे’ म्हणतोय.

वैजिनाथ : व्हय.

सुग्रीव : शिमग्याला गेवराईला ये, बसू, म्हणलो व्हतो.

वैजिनाथ : ते बी म्हणलात.

सुग्रीव : अरे देवा, तंबाखू धाडली व्हती ड्रायव्हरच्या हाती!

वैजिनाथ : ती ह्यांनी खाल्ली. माल चांगला व्हता म्हणले.

सुग्रीव : हसू नगा. मला इथं कानापतूर लाज चढलीय. वहिनी, आधी का न्हाई सांगितलं?

वैजिनाथ : आधी भ्या वाटलं. बाई म्हणल्यावर तुमी भांडायचं सोडलं असतं. ‘बरं वहिनी, तुमी म्हणता तसं’ म्हणून शब्द सोडून दिला असता. मला भांडण पायजे व्हतं. सातवीला शाळा सुटली, त्याच्यानंतर माझ्याशी शब्दावरून कुणी भांडलंच न्हाई.

शिवांजली : उमाकाकू, काही बिघडलं नाही. परवाच्या पानावर मी वर तुमचं नाव हातानं लिहिते. ‘आजचं कोडं : उमाबाई, युसूफ वडगाव’. आतली नोंद कोण बघतंय?

सुग्रीव : मी बघतोय.

शिवांजली : काका!

सुग्रीव : काका काय? नोंद एकाची आन वर नाव दुसऱ्याचं? तिकीट एकाचं, शिटावर दुसराच. अशी किती माणसं मी चालत्या गाडीतून खाली उतरवली. वहिनी, राग धरू नगा, पर चारशे दिवस वैजिनाथचे हायत. कागुद तसंच म्हणतो.

शिवांजली : हे बरं आहे तुमचं. काकू बाजूला झाल्या की पुढचा नंबर तुमचाच.

सुग्रीव : असू दे. नियम माझ्या फायद्याचा असला म्हणून खोटा व्हत न्हाई.

वैजिनाथ : सुग्रीवभाऊ बरोबर बोलले.

शिवांजली : म्हणजे?

वैजिनाथ : त्या नोंदीचं नाव बदलता येतं का?

शिवांजली : नाही. दिवस नावावर मोजले जातात. नवं नाव घेतलं की मोजणी एकपासून. काकू, तसं करू नका. दोनच दिवस राहिलेत. चारशे होऊ द्या, कोडं वैजिनाथ नावानं छापू, बदल नंतर करू. कोडं तर तुमचंच असेल ना?

वैजिनाथ : कोडं माझं आन नाव पाटीचं. ते तर घरात चोवीस वर्षं चाललंय. राशनकार्डावर पत्नी, मतदार यादीत पत्नी, दुकानात काकू, माहेरी अक्का. हाक मारायला नाव लागतच न्हाई कुणाला. ह्या एका जागी आपलं असावं वाटलं. शिवांजली, एकपासून मोज.

शिवांजली : चारशे दिवस म्हणजे पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी!

वैजिनाथ : मला महिने कळतेत.

सुग्रीव : वहिनी, परत इचार करा. मी थांबणार न्हाई, आत्ताच सांगतो. एकोणतीस दिवसांत माझे चारशे व्हतेत. पयलं कोडं माझं येईल. दया म्हणून एक दिवस चुकीन असं समजू नगा.

वैजिनाथ : चुकलात तर तुमाला कधी माफ करणार न्हाई. कुणी म्हणायला नको, नवऱ्याच्या तिकिटावर आली आन म्हाताऱ्याच्या दयेवर जिंकली.

सुग्रीव : म्हातारा कुणाला म्हणता?

वैजिनाथ : जरा थांबा दोघं. हे झोपेतून उठलेत. आधी त्यांना सांगून येते. बाजारात सगळ्यांना सांगत फिरतेत, माझं नाव कॉम्प्युटरवर पयलं असतंय म्हणून. त्यांच्या माघारी काढलं तर बरं दिसायचं न्हाई.

शिवांजली : काका, नाही म्हणाले तर?

सुग्रीव : तर काय? तर बी ही बाई ऐकायची न्हाई. पळी आन पंचपात्र यावरनं माझ्याशी चार दिवस भांडली व्हती. शेवटी मीच हारलो.

शिवांजली : तुम्हाला वाईट नाही वाटत? तुमच्यामुळं त्यांचे एवढे दिवस गेले.

सुग्रीव : वाटतंय की. बायको, रुक्मिणी, गेल्यापासून दुपार सरत न्हाई माझी. पुतण्याच्या कॅफेत येऊन बसतो ते ह्या वैजिनाथाशी भांडायला. जवान दोस्त असंल असं वाटायचं. घरी रुक्मिणीला तरी कवा नावानं हाक मारली मी? ‘ऐकलं का’ म्हणायचो. तिनं बी कवा तक्रार केली न्हाई. तवा वाटलं, हिची काय तक्रार न्हाई.

शिवांजली : काका...

सुग्रीव : जाऊ दे. पुसून टाक ते. पुसता येतं का?

शिवांजली : नाही येत.

सुग्रीव : मंग राहू दे.

वैजिनाथ : आले. सांगितलं.

शिवांजली : काय म्हणाले?

वैजिनाथ : आधी चहा पिऊन घेतला. मंग म्हणले, म्हंजे माझं नाव निघणार का? म्हणलं, कॉम्प्युटरवरून निघणार. म्हणले, लोकांला काय सांगू? म्हणलं, बायको खेळत व्हती म्हणून सांगा. तोंड बारीक केलं थोडं. मंग विचारलं, पाटीवर तर राहील न्हवं? म्हणलं, पाटीवर राहील.

सुग्रीव : मानूस चांगला हाय.

वैजिनाथ : हायच. म्हणून तर सांगायला अवघड गेलं.

शिवांजली : मग काकू, मी खरंच करू? एकदा बंद केलं की ते दिवस परत येणार नाहीत.

वैजिनाथ : कर.

सुग्रीव : थांब. असं कसं करतेस? नियम काय म्हणतो? कोशात न्हाई त्याला दोन गावचे दोन साक्षीदार. हे नाव तुझ्या यादीत हाय का?

शिवांजली : नाही.

सुग्रीव : मंग लिही. नाव उमाबाई. साक्षीदार पयला : सुग्रीव, गेवराई. वरीसभर रोज भांडलो, मानूस खरा हाय.

शिवांजली : साक्षीदार दुसरी : शिवांजली, मूळ गाव केज. हे कोडं काही मी घातलेलं नाही, म्हणून माझी साक्ष चालते. नाव आलं, काकू. जुन्यातून बाहेर पडा आणि नव्यानं आत या.

वैजिनाथ : निघते. तीनशे अठ्ठ्याण्णव. बरे व्हते दिवस.

सुग्रीव : आली का? शिवांजली, दिसतंय का काही?

शिवांजली : टेलिफोनची लाईन आहे काका, वेळ लागतो.

उमाबाई : आले.

सुग्रीव : उमाबाई?

उमाबाई : व्हय. चोवीस वर्षांत नावानं हाक आली ती गेवराईहून.

सुग्रीव : बरं बरं. दिवस किती दिसतोय नावापुढं?

उमाबाई : एक.

सुग्रीव : माझे तीनशे एकाहत्तर. आन उंड्याचा निकाल अजून लागला न्हाई. दुसरा साक्षीदार कुठंय?

उमाबाई : कालचे चार राहिलेत. संध्याकाळच्या औरंगाबाद गाडीच्या ड्रायव्हरकडं देते, स्टँडावर उतरवून घ्या. शिळे जास्त लागतेत. खाऊन झाल्यावर तुमीच साक्ष द्या.

सुग्रीव : खाल्ल्याशिवाय देणार न्हाई.

उमाबाई : खाल्ल्यावर दिल्याशिवाय ऱ्हाणार न्हाई.

शिवांजली : काकू, बराच वेळ लाईन चालू आहे. गिऱ्हाईक नाही का आज?

उमाबाई : आलंय की. म्होरंच हुबं हाय. त्याला म्हणलं, बस जरा बाकड्यावर, माझं कोडं भरून व्हऊ दे.