वरच्या फळीवरची गाणी

नाही नाही, रेकॉर्ड प्लेयरचं झाकण मी काढतो — त्या बिजागरीचा एक स्क्रू गेलाय, सगळंच तुमच्या हातात येईल. हां. बसा ना ताई, स्टुलावर बसा, त्यावरची रेकॉर्ड खाली ठेवा — उभी ठेवा, आडवी नको, वाकते. तर काय म्हणत होतात, हळू चालतं. बरं. चिठ्ठीवर तक्रारीच्या खान्यात 'हळू चालतं' असं लिहू, पण तक्रार कुणाची — तुमची की आईची? हसू नका, मी सगळ्यांनाच विचारतो. म्हणजे हल्ली विचारतो. मशीन आईचं, आणलंत तुम्ही, आणि आई शेजारी गेली तेवढ्यात उचलून आणलंत, तिला पत्ताच नाही. सरप्राइज. असू दे, चांगलं आहे, लेक असावी तर अशी. तो खाना तूर्त कोरा ठेवतो.

आता हे बघा — ही कागदाची चकती. कडेनं काळ्या रेघा आहेत ना, ही रेकॉर्डसारखी ठेवायची आणि मशीन चालू करायचं. वर ती जुनी ट्यूब मी मुद्दाम ठेवलीय, नव्या दिव्याखाली हे दिसत नाही. वेग बरोबर असेल तर चकती फिरते पण रेघा जागच्या जागी उभ्या राहतात. आता बघा तुमच्या. मागं सरकतायत, दिसतंय? मिनिटाला तेहतीस फेऱ्या हव्यात, हे अठ्ठावीससुद्धा मारत नाही. मला वाटलंच होतं. परदेशातून आलंय ना मशीन, कुणी नातेवाइकांनी आणलेलं? मग बिघाड नाहीच हा. तिकडं विजेचे ठोके सेकंदाला साठ, आपल्याकडं पन्नास, म्हणून मोटर इथं जरा दमानं चालते. मोटरच्या दांड्यावर ही पितळी पुली आहे बघा, करंगळीच्या नखाएवढी. ही काढायची, किंचित जाड बसवायची, की वेग वाढतो. दहा मिनिटांचं काम. माझ्याकडं आहे तशी, इथंच ड्रॉवरमध्ये आहे, हात घातला की सापडेल.

नाही, घालतो ना हात. थांबा जरा. तुमची आई गाते का हो, मशीनबरोबर? गुणगुणते — गुणगुणते म्हणजे कसं, मान हलवत, की शब्द म्हणत? बरं. बरं. नाही, सहज विचारलं.

आमच्या घरीही हेच होतं. हेच म्हणजे अगदी हाच प्रकार. हिच्या मामांनी आणलेलं — ते बोटीवर होते — लग्न झालं तेव्हा ती दोन ट्रंका आणि ते मशीन घेऊन आली. आणि तेही हळू. पंचवीस वर्षं हळू. तुम्ही म्हणाल, नवरा मशीनं दुरुस्त करतो आणि घरचं तसंच? तसंच. माझे कान दिवसभर इथं झिजायचे, घरी गेलो की मी ऐकतच नसे, पेपर वाचायचो. ती भाजी चिरता चिरता लावायची आणि गायची. सगळी गाणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आवाज जाडा होता तिचा, पुरुषाला शोभेलसा. शाळेत म्हणे तिला मागच्या रांगेत उभं करायचे आणि सांगायचे, तू नुसते ओठ हलव. हे सांगताना ती स्वतःच हसायची. पण घरी गायची ती खणखणीत. मशीनच्या आवाजात तिचा आवाज असा मिसळायचा की कुठला कुणाचा ते मला पेपरामागून कळत नसे. आणि मी वेगाचा जाणकार माणूस, मला कधी हे सुचलं नाही, की असं का.

मग एकदा काय झालं, एका गिऱ्हाइकानं हिच्याकडं होती तसलीच एक रेकॉर्ड इथं चाचणीला आणली. लावली, तर गाण्याचा सूर पार वर — मशीन हळू असलं की सूरही खाली येतो ना. मी म्हटलं, अरे, आपल्या घरी ही रेकॉर्डवरची बाई पुरुषासारखी गाते की! घरी जाऊन चकती ठेवली — रेघा मागं. हसलो मी. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, म्हटलं हीच भेट. ती बहिणीकडे गेली तेवढ्यात — हो, तुमच्यासारखंच — पुली बदलली, आणि गंमत म्हणून मशीनला ही दुकानातली चिठ्ठी बांधली. गिऱ्हाइकाचं नाव तिचं. तक्रार: हळू चालते. दुरुस्ती: झाली. आली, वाचली, हसली. मी तिला चकती दाखवली, म्हटलं बघ, रेघा कशा उभ्या राहिल्यात. तिनं बघितल्या. छान झालं म्हणाली. मग तिचं आवडतं लावलं, ती दुसऱ्या शब्दापर्यंत गेली आणि आवाज फाटला. खोकला आला म्हणाली. मी गरम पाणी करून दिलं.

त्यानंतर गायली नाही. नऊ वर्षं. लावायची, पण मांडीवर हात ठेवून बसायची. आणि मला काय वाटलं माहितेय? मला वाटलं, आता ती नीट ऐकते. मी लोकांना सांगायचो, इथं ह्याच टेबलाशी उभा राहून — वेग बरोबर असला की माणूस गप्प बसून ऐकतं, आमची ही बघा. काय छाती फुगवून सांगायचो.

चार महिने झाले तिला जाऊन. नाही, राहू द्या, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता. मलाच काही वाटत नाही. लोक येतात, म्हणतात रडा, मोकळे व्हा — येत नाही तर काय करू? दाढी करतो, दुकान उघडतो, सोल्डरिंग तापवतो. आतून सगळं भूल दिल्यासारखं आहे, दात काढताना देतात ना, तशी. ओठ आपलाच, पण लागत नाही.

माझी बहीण आली होती कपाटं आवरायला. साड्यांच्या घड्या घालत होती, मशीनकडं बघून म्हणाली, वहिनी काय म्हणायची ठाऊक आहे ना तुला? म्हटलं, काय? म्हणायची, तुझ्या भावानं माझी गाणी वरच्या फळीवर ठेवलीत गं, माझा हात पोचत नाही. बहीण हसतच सांगत होती, तिला वाटलं मला ठाऊक आहे. मला नव्हतं. मला ती एका शब्दानं बोलली नाही. मी एवढ्या हौसेनं केलं होतं ना, म्हणून. म्हणाली असती तर — दहा मिनिटांचं काम होतं, ताई. जुनी पुली मी टाकली नव्हती, आम्ही काही टाकत नाही, गोळ्यांच्या डबीत होती. नऊ वर्षं कपाटात, मशीनपासून चार हातांवर.

बसवली मी ती, बहीण गेल्यावर. परत लावलं, खाली आलं गाणं, जिथं तिचा आवाज असायचा तिथं. मी पेपर घेऊन बसलो नेहमीच्या जागी. मोटर ऐकू येत होती नुसती. ह्या फळ्यांवर हजार आवाज असतील बघा, त्यात तिचा एक नाही. घरात बाई रोज गाते, ते कोण रेकॉर्ड करून ठेवतं?

नाही, तुमचं मशीन मी करणार नाही. राग मानू नका. पुली आहे, खोटं कशाला बोलू, इथंच आहे. आज जाऊन आईला लावून द्या, स्वयंपाकघरात बसून ऐका, आणि तीही गाते का बघा. मग तिला घेऊन या, ती स्वतः म्हणाली हळू चालतं, की तिच्यासमोर करून देतो. नाही आलात तरी बिघडत नाही. धरा — झाकण सांभाळून, म्हटलं ना स्क्रू गेलाय. आणि ती चिठ्ठी इथंच राहू द्या, कोरीच आहे.

तिचीही कोरीच असायला हवी होती, तक्रार तिनं केलीच नव्हती. तो खाना मी भरला.

जा आता, आई परत यायच्या आत पोचा. जाताना दार ओढून घ्या.