नऊ फुटांचे सहा वासे

...आणि वर मलाच विचारतात, "मग तू सांगायचं नाहीस का?" मी! सांगायचं! अहो, तीन दिवस मी दुसरं काय करत होते? चहा पिताना सांगितलं, जेवताना सांगितलं, अंघोळीला निघालेल्या मामाला अडवून सांगितलं, शेवटी लाल पेनानं लिहून कारखान्याच्या दारावर चिकटवलं... नऊ म्हणजे नऊ!

थांबा. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही बाबांसारखी मान हलवाल आणि मनात भलतंच धरून बसाल.

बाबा सुतार. मामा करवतीवर. आणि मी, गणितात पदवी घेऊन त्याच भुशात परत आलेली. का आले? तर म्हटलं, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या अंदाजानं छपरं चढवतात, वासा वर नेतात, बसवून बघतात, खाली आणतात, इंचभर कापतात, पुन्हा वर नेतात... दिवसातून नऊ वेळा तो वासा वर-खाली! त्यापेक्षा कागदावर दहा मिनिटं बसा की! पण कागद म्हटलं की मामाला शिंका येतात. काकांनी तर एक तारखेपासून त्यांच्या ऑफिसात माझी खुर्चीही धरून ठेवली होती. बाबा म्हणाले, "या छपराची मापं तू काढ. बसलं, तर कानामागची पेन्सिल तुझी. नाही बसलं, तर काकाची खुर्ची तुझी." ती पेन्सिल, तुम्हाला सांगते, बाबांनी झोपतानासुद्धा काढलेली मी पाहिली नाही.

घर एका निवृत्त नर्सबाईंचं. काटकोनात वळलेलं, दोन्ही हात बारा-बारा फूट रुंद, मधोमध आढं तीन फूट उंच. आता भिंतीपासून सरळ आढ्याकडे जातो तो साधा वासा, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण घराच्या कोपऱ्यातून तिरका चढतो ना, तो कोनवासा! तिथे भल्याभल्यांचं डोकं फिरतं. आणि जिथे दोन छपरं आतल्या बाजूला भेटून घळ होते, तिथला वासा तर कोनवाशाचा सख्खा भाऊ, फक्त स्वभावानं खोलात गेलेला. पाच कोनवासे आणि एक घळीचा.

मी आधी भिंतींचे कोपरे तपासले. दोरी दोन्ही कर्णांवर लावून पाहिली, सारखीच भरली, म्हणजे अगदी काटकोन. मग बसले. कोपऱ्यातून आढ्यापर्यंत जायला सहा फूट असं, सहा फूट तसं, आणि तीन फूट वर. सहा सक छत्तीस, आणखी छत्तीस, तीन त्रिक नऊ... एक्क्याऐंशी! वर्गमूळ नऊ! अपूर्णांक नाही, दशांश नाही, नऊ म्हणजे नऊ! अहो, असं उत्तर आयुष्यात एकदा येतं. मला रडू यायचं बाकी होतं.

आणि बाबा काय म्हणाले? "नऊ? इतकं सरळ?" मामा म्हणाला, "पुस्तकातलं गणित असेल." म्हणजे वाकडं आलं की हे म्हणणार, पोरीला जमत नाही, आणि सरळ आलं की म्हणणार, पोरीनं घरून आणलंय! मग मी चिडले. तीन दिवस एकच धोशा लावला. नऊ म्हणजे नऊ!

आता एक बारीकशी गोष्ट. नऊ हे आढ्याच्या मध्यापर्यंतचं माप. पण आढं काही कागदावरची रेघ नाही, दोन इंच जाड लाकूड आहे, त्याच्या पोटात तर वासा घुसणार नाही! म्हणून अर्ध्या जाडीचं तिरकं माप वजा करायचं, ते येतं दीड इंच. मला ठाऊक होतं. मी कॉलेजात झोपले नव्हते. पहिल्या वाशावर मी खूण केली ती दीड इंच वजा करूनच केली, आठ फूट साडेदहा इंचावर, आणि नर्सबाईंना रंग दाखवायला गेले.

मी गेले आणि बाबा आले. वाशापाशी उभे राहिले. तीन दिवस कानात नऊ, नऊ, नऊ. मनात म्हणाले, हिला आढ्याची जाडी कशी सुचेल, आणि मामा तर हिची खूण म्हणून बरोबर रेघेवरच कापेल, पोरीचं पहिलं काम आहे, नाक कापलं जायला नको. मोजायचं ना? टेप खिशात होती! पण नाही. गुपचूप, प्रेमानं, माझी खूण पुसली आणि दीड इंच आत नवी मारली.

बाबा गेले आणि मामा आला. मामा वीस वर्षं बाबांच्या खुणेच्या दीड इंच आत कापतो, कारण बाबा वीस वर्षं पूर्ण माप देतात आणि वजाबाकी मामावर सोडतात. हे दोघांमध्ये कधी बोलणं झालंय का? छे! खूण बाबांच्या हातची दिसली, मामानं सवयीनं आणखी दीड इंच आत कापलं. मग त्याच वाशावरून उरलेले पाचही कापले. सहाच्या सहा!

वर चढवले. सगळे तीन इंच तोकडे. खाली भिंतीवर टेकवा तर वर आढ्याला हात पुरत नाही, वर चिकटवा तर खाली भिंत सुटते. नर्सबाई खालून शांतपणे म्हणाल्या, "हे असंच राहतं का?"

मी टेप लावली. एकदा, दोनदा. मग तिघं एकमेकांकडे बघत एक-एक कबुली... मी वजा केलं. मीही केलं. मी तर नेहमीच करतो. आणि तेव्हा मामा म्हणाला, "मग तू सांगायचं नाहीस का? तू तर नुसती नऊ नऊ ओरडत होतीस."

संताप बघा माझा! गणित बरोबर, कोपरे बरोबर, खूण बरोबर, आणि छप्पर हवेत! बाबांनी सहा ठोकळे कापले आणि आढ्याशी ठोकून फट भरली. नर्सबाईंना खाली छत नकोय, "लाकडं दिसू देत, छान वाटतं." दिसतात ना. सहा ठोकळे, सहा दात काढून माझ्याकडे बघून हसतात.

पण उतरताना बाबा थबकले. कानामागची पेन्सिल काढली, माझ्या हातात दिली. म्हणाले, "यापुढे वजा करणार एकटी तू. आम्ही हात लावणार नाही." काकांना नकार कळवला. मी हवेत.

पुढचं छप्पर आलं, तसंच काटकोनात वळलेलं. उत्तर दहा फूट आठ इंच एक सूत, चांगलं वाकडं, कुणाला संशय येऊ नये असं. वजाबाकी केली. पेन्सिल टेकवली... आणि हात थांबला. म्हटलं, बाबा आहेत, मामा आहे, सवय आहे, वीस वर्षांची. शब्द काय, सकाळी दिला, दुपारी विसरले! म्हणून मी गुपचूप तीन इंच जास्त धरले, दीड बाबांचे, दीड मामाचे.

त्या दिवशी बाबा वाशापाशी आले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि निघून गेले. मामानं फक्त विचारलं, "वजा झालंय ना?" मी म्हटलं, "झालंय." त्यानं बरोबर रेघेवर कापलं.

सहाच्या सहा वासे तीन इंच लांब.

बाबांनी टेप लावली, माझ्याकडे पाहिलं. करवत माझ्या हातात दिली आणि दोघं चहाला गेले.

जास्तीचं कापता तरी येतं म्हणा... हा चौथा चाललाय.