खोट्यावरची शाबासकी

माझं माहेर पौडाच्या पल्याड. लगीन होऊन लवळ्यात आले तवा हितं नुसता डोंगर आन करवंदीच्या जाळ्या, आता त्याच डोंगरावर कॉलेजं हायेत आन मी तितल्या कँटीनात चपात्या लाटते. काय सांगू तुमाला ताई, हात चालतो म्हणून बरं हाय, हात थांबला की किरण दिसतो.

किरण माझा एकलाच. मालक लवकर गेले, मग पोरगं रिक्षा चालवायचं, कॉलेजच्या पोरापोरींना सोडायचं, बोलायला लई गोड, त्यातनंच कुणाकुणाशी ओळखी झाल्या आन गर्दाची पुडी हातात आली. दुसऱ्यांनी बिघडवला असं मी कवा म्हणत न्हाई, नाक तर त्याचंच व्हतं ना. आदी माझी बोरमाळ गेली, मग हॉस्टेलातले दोन लॅपटॉप उचलले आन पोलिसांनी घरातनं नेला. त्या दिवशी मी तोंडाला पदर लावून चपात्या लाटल्या.

मला वाटलं, गेला आता आत. पण कोर्टातल्या जजबाई वायल्याच. सगळं वाचलं आन म्हणाल्या, ह्याला आत टाकला तर आणखी चार गोष्टी शिकून येईल, ह्याचा आजार बरा करू. व्यसनमुक्ती केंद्रात उपचाराला ठेवा, दर महिन्याला माझ्यासमोर उभा करा. आन किरणला म्हणाल्या, घसरलास तर येऊन सांग, खरं सांगितलंस तर पुन्हा उपचार करू, लपवलंस तर माझा इलाज चालणार नाही. मग दर तारखेला त्यांचं पयलं हेच, किती दिवस झाले, किरण? पयल्यांदा म्हणाला, गर्द न वढता तेवीस. नव्वद म्हणाला तवा बाई भर कोर्टात म्हणाल्या, शाब्बास. अवो, चौथीनंतर ह्या पोराला कुणी शाब्बास म्हटलं न्हवतं. बाहेर आला तर चेहरा नुसता धुतल्यावानी, म्हणतो, आई, आज भजी खाऊ. कोर्टाम्होरच्या गाड्यावर उभ्यानं गरम भजी खाल्ली आमी.

आन मग मी माती खाल्ली. गावची जत्रा आली. भैरोबाच्या पालखीचा पुढचा दांडा आमच्या घराचा, मालकांच्या मागं किरणचा, त्यानं न्हाई उचलला तर भावकी टपलेलीच. केंद्रातला डॉक्टर म्हणाला, काकी, इतक्यात नका नेऊ, जुने दोस्त भेटतील. मी ऐकलं न्हाई. जजबाईंच्या हातापाया पडले, घराचा मान हाय म्हणले. त्यांनी दोन दिस दिले, पण परत तेच, एकटा सोडू नका, काही झालंच तर आधी मला सांगा.

पालखी त्यानं उचलली, ताई. गुलालानं माखलेला, माझा ऊर भरून आला. मी निवदाचं ताट करायला घरात वळले तेवढ्यात सटकला. दुपारी देवळामागं बाभळीखाली सापडला, डोळे फिरलेले. शुद्धीवर आल्यावर रडायला लागला, म्हणतो, आई, तारखेला मी बाईंना सांगतो. मी म्हणले, गप बस. मानकरी जत्रंत गर्द वढून पडला हे गावात कळलं तर दांडा पुन्यांदा मिळायचा न्हाई.

तारखेला बाईंनी इचारलं, किती दिवस झाले? किरण तोंड उघडतोय तवर मीच पुढं झाले, म्हणले, एकशेवीस झाले मॅडम, पोरगं सुकलंय ते कावीळ झालती म्हणून. बाईंनी त्याच्याकडं बघितलं, जरा थांबल्या. मग म्हणाल्या, शाब्बास. पोरानं मान खाली घातली. बाहेर भजीचा गाडा व्हता, तिकडं बघितलं बी न्हाई. येवढंच म्हणाला, आई, त्या सांग म्हणत व्हत्या गं.

आठव्या दिवशी केंद्रातनं पळाला. महाळुंग्यात एका अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगीत सापडला. ह्या बारीला शुद्धीवर आला न्हाई.

तेरावा झाल्यावर मी जजबाईंना जाऊन सगळं सांगितलं. मी मारला त्याला, म्हणले. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, मला त्या दिवशी शंका आली होती, मी पुन्हा विचारायला पाहिजे होतं. दांडा भावकीकडं गेलाच. जाऊ दे, आमच्याकडं आता खांदाच कुटं हाय?

तरी महिन्याच्या तारखेला मी अर्धी सुट्टी टाकून जाते, कोर्टाच्या दाराशी बाकावर बसते. का जाते ते मला न्हाई सांगता यायचं. मागल्या तारखेला एक बाई लेकाला घिऊन आलती, पदर मुठीत गच्च धरलेला. म्हणली, मावशी, परवा परत वढलं ह्यानं, आत सांगू का नगं? पोरगं भिंतीकडं बघत व्हतं. मी म्हणले, तू काय बी बोलू नगं बाय, त्यालाच बोलू दे. आन त्याच्या डोक्यावर हात ठिवला, म्हणले, जा लेकरा, औक्षवंत हो.

आत गेली दोघं. मी दाराशी कान लावून बसले. बाईंनी इचारलं, किती दिवस झाले? लई येळानं पोरगं म्हणालं, दोन.

बाई म्हणाल्या, शाब्बास.

ती शाबासकी माझ्या किरणची व्हती, ताई.